जोत्यानं सांगितल्याला अर्थ

उसाचा सीझन लागला की कृष्णाकाठच्या गावात ट्रॅक्टर बघावा लागत न्हाई, नुसता ऐकला तरी कळतंय कुनाचा हाय. आकारामाचा आसंल तर हलगी वाजत येती. बाळासोच्या गाडीवर देवाचं गानं, तेबी सकाळधरनं एकच. आन् लांबनं कुनीतरी गळा काढून रडतोय, त्येच्या मागं ढोल हळूहळू धडधडतोय, आसं कानावर आलं की वसरीतल्या बाया म्हनायच्या, "जोत्याचा पंजाबी आला गं. आमटी उतरा."

जोतीराम गडी तसा झ्याक. दोन ट्रॉल्या भरून ऊस वडायचा, दारूला शिवायचा न्हाई, कुनाच्या आध्यात न्हाई मध्यात न्हाई. नाद एकच, दर्दवाली पंजाबी गानी. कुपवाडला एमआयडीसीच्या तोंडाला रमजानचं पत्र्याचं शेड हाय, तितं ट्रॅक्टरला टेप आन् स्पीकर बसवून मिळत्यात. रमजाननं ह्येच्या गाडीला पेटी बसवली, पेन ड्राइव्हमदी गानी भरून दिली, आन् म्हनला, "डायवर लोकान्ला ही लय चालत्यात." झालं. तवापासनं जोतीराम पंजाबी झाला.

आता खरी गोम आशी, की ह्या मानसाला पंजाबीतला एक शब्द येत न्हवता. उत्तरंला लय लांब म्हंजी शिर्डीपत्तोर गेल्याला. हिंदी थोडंफार कळायचं, पन ते गायक बी तोंडात गुळाचा खडा धरल्यागत गायचं, त्यातनं शब्द सुटा करनं त्येच्या बापाला जमलं नसतं. पन जोतीरामाचं म्हननं, "भाषा कशाला कळाय पायजे गड्या? रडतोय हे कळतंय की. बास!"

ह्येवर कुनाचं काय बिघडलं नसतं. बिघडलं ते त्येचा साखरपुडा झाल्यावर.

पोरगी मेढ्याची. संयोगिता. सुभेदार लालासाहेबांची लेक, बारावी सायन्स, बोलायला तिखट. ह्यो दहावीला दोनदा बसल्याला. फोनवर बोलायची पाळी आली की ह्येच्या तोंडाला कुलूप. मंग ह्येनं एक युक्ती काढली. बोलायच्या जागी गानं पाटवायचं.

पैलं गानं पाटवलं तवा तिचा लगीच फोन. "छान हाय वो. पन म्हंजी काय?"

जोतीराम कारखान्यावर नंबराला गाडी लावून बसल्याला. म्होरं पन्नासभर ट्रॅक्टर, मागं तेवढंच. त्येनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. येत न्हाई म्हनावं तर बारावी सायन्सम्होरं इज्जत जाती. म्हनला, "त्यो म्हनतोय... तू फोन ठेवलास की माझा कान गार पडतोय."

पलीकडनं ती मंग हळूच हसली. "आसं म्हनतोय?"

"तर! लय भारी शायर हाय."

तितनं जे सुरू झालं, ते लगीन हूस्तवर. रोज एक गानं, रोज तिचा फोन, आन् रोज ह्यो अर्थ सांगनार. एकदा म्हनला, "त्यो म्हनतोय, उसाच्या फडातनं घामाघूम बाहेर आल्यावर जशी वाऱ्याची झुळूक लागती, तशी तू हसतीस." एकदा म्हनला, "माझ्या गाडीचा एकच हेडलाईट चालू हाय, पन त्यो तुझ्या घराकडं वळवून ठेवलाय."

"पंजाबात बी ऊस आसतोय?" तिनं इचारलं.

"आसतोय की. लय."

पोरगी खुळी झाली. मैत्रिनीस्नी सांगायची, आमच्या ह्यांना पंजाबी येतंय. आईला सांगितलं, बापाला सांगितलं. सुभेदारांनी निम्मी नोकरी फिरोजपूर, जालंदर आसल्या बाजूला काढल्याली, पंजाबी तोंडपाठ. त्यास्नी बी बरं वाटलं. पन जावई भेटला की दोघं ऊस, पाऊस आन् तब्येतीवर बोलायचं, पंजाबीची पाळी कवा आली न्हाई. जोतीराम येऊच द्यायचा न्हाई.

लगीन झालं, दोन वर्सं गेली. गानी चालूच. पन अर्थ सांगायचं बंद झालं. ह्यो धुळीनं भरून याचा, जेवायचा, मोबाईलवर गानं लावायचा आन् छताकडं बघत पडायचा. बायकू शेजारी बसल्याली आसायची तशीच.

मार्गशीर्षातली गोष्ट. संयोगितानं सोताच्या हातानं ब्लाऊज शिवला, जांभळं लुगडं नेसली आन् दारात हुबी ऱ्हायली. "आवं, कशी दिसतीया?"

जोतीरामानं बोट वर केलं. "थांब थांब, ही वळ ऐक."

"काय म्हनतोय?"

"त्येच."

"काय त्येच?"

"आगं त्येच की. नेहमीचं."

संयोगिता मंग म्हनली, "लगनाआदी गान्याला अर्थ व्हता. आता नुसता आवाज ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी तिचा मावसभाऊ शंभूराज बहिनीच्या लगनाची पत्रिका घिऊन आला, पांढऱ्या चारचाकीतनं. परत जाताना ती त्येच्याबर गाडीत बसली आन् मेढ्याला निघून गेली. जोतीराम फडात. घरी आला तर चुलीपशी आई, बनुबाई.

"कुठं गेली?"

"माहेराला. मी तिला आडवली न्हाई. तिच्या जागी मी आसते तर मीबी गेले आसते."

बायकू रुसून गेली की नवऱ्यानं जाऊन आनायची, ही तिकडची रीत. पन जोतीराम आडून बसला. "माझ्या परवानगीनं गेली का? गेली तशी येऊ दे. कारखान्याचा पट्टा पडंस्तवर मला सवड न्हाई." पट्टा पडायचा म्हंजी सीझन संपायचा, होळीच्या आसपास. बनुबाईनं भाकरी ताटात आपटली. "होळीपत्तोर ती तितंच बसली तर बोंब मारायला तूच घावशील रं."

वरनं कडक, पन आतनं पार इस्कटला व्हता. चार दिस गेलं, आठ दिस गेलं. फोन कराय बोट जायचं आन् मागं याचं. करून बोलायचं काय? मंग त्येनं त्येच केलं जे त्येला येत व्हतं. कुपवाडला गेला आन् रमजानला म्हनला, "भाई, तुझ्याकडं सगळ्यात रडकं जे गानं आसंल ते दे. ऐकून दगड बी पाघळला पायजे."

रमजाननं सोल्डरिंग बाजूला ठेवलं, लय शोधलं. "ह्ये घे. ह्येला आमची बायकू रुक्सार दोन दिस रडत व्हती."

"तिला पंजाबी कळतंय?"

"छ्या. ताप व्हता तिला. पन रडली ना?"

जोतीरामानं ते गानं स्टेटसला लावलं. वर फोटू, ट्रॅक्टरचा मडगार्ड, ज्येच्यावर ती बसायची त्यो, रिकामा. दर दोन मिन्टांनी बघतोय कुनी कुनी बघितलं. आकारामानं बघितलं. बाळासोनं बघून हात जोडल्याला देव पाटवला. तिनीसांजंला संयोगिताचं नाव आलं. गड्याचं काळीज ढोलाच्या वर वाजाय लागलं. पाठोपाठ सासऱ्याचं नाव आलं. आन् सासऱ्याचा फोनच आला.

"जय हिंद मामा!"

"जय हिंद ऱ्हाऊ द्या. पांढऱ्या गाडीबद्दल काय म्हननं हाय तुमचं?"

"कसली गाडी मामा?"

"येडं पांघरू नका. आवं जावईबापू, मी उभी हयात त्या मुलखात काढली. तुमचं गानं काय म्हनतंय? 'परक्याच्या शेजारी पांढऱ्या गाडीत बसून गेलीस, काच खाली करून मागं बघितलं सुदीक न्हाईस. पैल्यापासनंच तुझं त्येच्यावर मन व्हतं.' आसं म्हनतंय. आन् ते सगळ्या गावाला दावताय? शंभूराज तिचा मावसभाऊ हाय, मानसा!"

जोतीरामाच्या कानातनं वाफ आली. "मामा, ते गायकाचं म्हननं हाय. माझं न्हाई."

"गायकाला काय सपान पडलं व्हतं आमची पोरगी पांढऱ्या गाडीत बसली म्हनून? तुमाला पंजाबी येतंय. पोरगी सांगती, लगनाआदी एकेका वळीचा अर्थ सांगत व्हता. म्हंजी समजून उमजून लावलंय. अर्थ कळल्यापासनं ती आत दार लावून बसली. आता ती येनार न्हाई. तिची कापडं बांधा आन् द्या धाडून."

फोन कट. जोतीरामानं आदी स्टेटस काढलं. मंग कारखान्यावर नंबराला लावल्याल्या ट्रॅक्टरच्या चाकापशी खाली बसला. रमजान त्या दिवशी एक स्पीकर फाटला म्हनून कारखान्यावरच आल्याला, हातात पाना. सगळं ऐकून घेतलं आन् म्हनला, "मंग सांग जा की खरं. पंजाबी येत न्हाई म्हनून."

"आन् मंग लगनाआदी जे सांगितलं ते? सगळं थापा व्हत्या म्हनू? बारावी सायन्स हाय ती."

"हे बघ जोत्या. संशयी नवरा व्हायचं का थापाड्या, दोनच रस्ते हायत. संशयी मानसाला पानी सुदा मिळत न्हाई. थापाड्याला निदान च्या तरी इचारत्यात."

"आन् गाडी? नंबर जाईल माझा."

"मी बसतो. सरकवत ऱ्हातो म्होरं. तू पळ. फक्त गानं मी माझं लावनार."

सकाळच्या यष्टीनं पेठ नाका, कराड, सातारा, आन् तितनं मेढ्याची गाडी. डोंगर जवळ याला लागलं. हातात पेढ्याचा पुडा घेतल्याला, सातारच्या स्टँडवर. घ्यावा का न्हाई ह्येच्यात पैली मेढ्याची गाडी चुकली व्हती.

सुभेदार पडवीत खुर्चीवर, पाठ ताठ. सासू दाराआड. आन् खाली चटईवर संयोगिता, पुढ्यात पावट्याच्या शेंगा, सोलतीया. मान वर केली न्हाई. पन शेंगा लय जोरानं फोडत व्हती.

जोतीरामानं पेढं ठेवलं. कुनी हात लावला न्हाई. हुबा ऱ्हाऊनच म्हनला, "मामा, मला पंजाबी येत न्हाई."

 मंग शेंगांच्या मागनं आवाज आला. "खोटं. आता अंगाशी आलं म्हनून."

"आगं खरंच येत न्हाई! एक शब्द सुदा न्हाई."

"बाबा, ह्येंना पंजाबी येतंय. मला म्हाईत हाय. मी रोज ऐकलंय."

आता आली का पंचाईत? येतंय हे दावता येतंय, पन येत न्हाई हे दावायचं कसं?  पन सुभेदार म्हंजी पलटनीतला मानूस. त्यांनी जावयाकडं बघून गोड हसून पंजाबीत लांबलचक कायतरी म्हनलं, हात बी हालवला, घ्या घ्या म्हनल्यागत. जोतीराम बी हसला. मान डोलावली.

"काय म्हनलो मी?" सुभेदारांनी इचारलं.

"बसा... च्या घ्या... म्हनला आसाल."

"तुमच्या तोंडाला काळं फासून गाढवावर बसवतो आन् मेढ्यातनं वरात काढतो, म्हनलो."

दाराआड सासू फिसकन हसली. जोतीरामाची मान आजून डोलतच व्हती, ती थांबली.

"नाटक करत्यात," संयोगिता म्हनली. पन शेंगा फोडायचा जोर थोडा कमी झाला. तिनं पदराला हात पुसलं, मोबाईल काढला. "बाबा, ह्येंचं पैलं गानं हाय माझ्याकडं. ऐका. ह्येच्यात तू फोन ठेवलास की कान गार पडतोय, आसं हाय का न्हाई?"

सुभेदारांनी चष्मा लावला. चष्म्याचा गान्याशी काय संबंध, पन लावला. डोळं मिटून ऐकलं. "कान-बिन काय न्हाई ह्येच्यात. ह्यो म्हनतोय, दोघांनी कॅनडाचा फारम भरला. तुझा व्हिसा झाला, माझा झाला न्हाई. आता तू बर्फात आन् मी हितं."

"आन् हेडलाईट? एकच हेडलाईट घराकडं वळवून ठेवल्याला?" तिनं दुसरं लावलं.

"हेडलाईट? न्हाई बाबा. ही तर म्हातारी आई हाय बिचारी. लेक परदेशात टरक चालवतोय, त्येला रातचं रोटी कोन करून घालत आसंल म्हनती. मोठ्ठं घर बांधलंय, पन कुलूप लावायला बी मानूस न्हाई." सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. "आसली लय घरं बघितली तिकडं. आपल्या खोऱ्यात तरी काय येगळं हाय म्हना, पोरं सगळी मुंबईला."

"फडातल्या वाऱ्याची झुळूक?" संयोगिताचा आवाज आता बारीक झाला व्हता.

"आगं, पंजाबी मानूस फडातला वारा कशाला म्हनंल? फड म्हंजी हिकडचा. ऊस तोडून दमल्याला मानूसच आसं बोलंल."

तिनं मोबाईल खाली ठेवला. पैल्यांदाच जोतीरामाकडं बघितलं. सरळ.

"मंग ते कुनी म्हनलं?"

जोतीराम आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हनला, "मीच."

"सगळं?"

"कारखान्यावर नंबराला बसल्याला आसायचो. तू इचारायचीस, म्हंजी काय. मंग जे मनात आसंल ते सांगायचो. मला वाटलं, माझं म्हनून सांगितलं तर हसशील. त्येचं म्हनून सांगितलं की बरं दिसतंय."

 संयोगिताचं डोळं भरलं आसं वाटाय लागलं. जोतीरामाला वाटलं, सुटलो. पन ती मेढ्याची. डोळं भरायच्या आदीच उसळली. "आन् मंग लगीन झाल्यावर काय धाड भरली सुचायला? दोन वर्सं मी त्या मुडद्याचा गळा ऐकतीया! जांभळं लुगडं नेसून दारात हुबी ऱ्हायले, तर म्हनं त्येच, नेहमीचं!"

"आगं, तवा तू लांब व्हतीस. दिसत न्हवतीस, म्हनून सुचत व्हतं. आता म्होरं आसतीस. तुला बघितलं की तोंडातनं शब्दच फुटत न्हाई."

"आसं व्हय? मंग मी हितंच ऱ्हाते. तुमाला रोज सुचंल."

सुभेदार आसं हसलं की खुर्ची करकरली. "पोरी, पंजाबातलं सगळं शायर ह्येच्यावरच जगत्यात. कुनाची बायकू घरात हाय आन् त्येनं गानं लिव्हलंय, आसं मी तरी ऐकलं न्हाई."

"ते मला म्हाईत न्हाई," संयोगितानं शेंगांची टोपली बाजूला सारली. "मी म्होरं बसल्याली आसताना एक तरी वळ बोलून दावा. तुमची. गान्याबिगर. तर बघू."

जोतीराम हुबा. घसा खाकरला. "तू न्हाईस तर... भाकरी करपती."

"भाकरी तुमची आई करती."

"व्हय. ती चिडून करपवती."

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. जोतीरामानं परत घसा खाकरला. एकदा बाहेर डोंगराकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मंग कुनालाच न सांगितल्यागत बोलला.

"तू गेल्यापासनं स्पीकर लय मोठा वाटाय लागलाय. पैला तू आतनं वरडायचीस, बारीक करा म्हनून. मी करत न्हवतो. आता कुनी म्हनत न्हाई, तर माझा मीच बारीक करतोय. आन् करून झालं की ऐकत बसतोय, वरडतीस का म्हनून."

दाराआड सासूनं नाक वडलं. संयोगिता उठली, पदर झटकला, पावट्याची सालं पडवीभर. आत जाता जाता पेढ्याचा पुडा उचलला. "बाबा, ह्येंना च्या द्या," म्हनली, "मी पिशवी भरते."

तेवढ्यात जोतीरामाचा फोन वाजला. रमजान. मागनं कव्वालीचा दनदनाट. "जोत्या! नंबर लागला रं! गाडी खाली करून दुसरी खेप आनू का? आन् काय झालं तिकडं? च्या मिळाला का?"

"मिळतोय," जोतीराम म्हनला.

परतीच्या यष्टीत गर्दी न्हवती. ती खिडकीला, ह्यो कडंला. मोबाईल तिनं आपल्या पिशवीत तळाला घातला व्हता, ह्येचा बी. मेढा मागं पडलं, डोंगर मागं पडलं.

"बोला की," ती म्हनली.

"काय?"

"कायबी. सातारपत्तोर तरी."

जोतीरामानं लय इचार केला. सुंदर काय सुचंना. मंग त्येनं गिअरबॉक्सचं सांगाय घेतलं, दुसऱ्या गिअरला कसा खर्र आवाज येतोय. ती "हं" म्हनली. मंग आकारामाची ट्रॉली ओढ्यात कशी कलली ते. ती "मंग?" म्हनली. सातारला गाडी बदलली. मंग ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई खोपटात कुत्र्याच्या पिलाला अंगडं शिवत व्हती, ते सांगितलं. तवा ती हसली. कराडच्या अलीकडं कवातरी तिचं डोस्कं ह्येच्या खांद्यावर आलं. झोपली व्हती.

पन जोतीराम थांबला न्हाई. थांबलो तर जागी व्हील, म्हनून बारीक आवाजात बोलतच ऱ्हायला. कारखान्याची चिमनी, बनुबाईची मांजर, फाटल्याला स्पीकर, जे आठवंल ते. कंडक्टर तिकिटं तपासत आला, झोपल्याल्या बाईकडं बघितलं, ह्येच्याकडं बघितलं.

"कुनाशी बोलताय पाव्हनं?"

जोतीरामानं तोंडावर बोट ठेवलं, आन् मांजराचं ऱ्हायल्यालं सांगाय लागला.